गाडीची बत्ती पुन्हा विझली

"सोडा!"

"का सोडू?"

"सोडा म्हणतो ना! काच तडकलीय, बोटात जाईल!"

गिरगावात मुगभाटाच्या तोंडाशी, भर उन्हात, एक अनोळखी माणूस माझ्या कडेवरची बत्ती ओढत होता आणि मी ती सोडत नव्हते. बत्ती वकिलांच्या बग्गीची होती, आणि दुसऱ्याची वस्तू जिवापेक्षा जपावी असं मला लहानपणापासून पढवलेलं. त्यानं ओढली, मी ओढली... आणि काचेचा तुकडा निघाला तो त्याच्याच तळहातात शिरला.

"बघा," रक्ताकडे पाहत तो शांतपणे म्हणाला, "सांगत नव्हतो? आता आत या. गाड्यांच्या बत्त्या दुरुस्त करतो मी. हे माझंच दुकान."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याच्याच दुकानाचा पत्ता विचारत फिरत होते!

त्याचं नाव गुणाजी. आमच्याच राजापूरकडचा, आमच्याच जातीचा. खेतवाडीतल्या गाड्यांच्या कारखान्यात काम शिकून त्यानं हे हातभर दुकान काढलं होतं. उंच नव्हता, गोरा तर मुळीच नव्हता. पण बोलताना समोरच्याकडे असा बघायचा की, आपण काही तरी महत्त्वाचं सांगतो आहोत असं वाटायला लागायचं. माझ्याकडे असं बघणारं तोवर कुणी नव्हतं.

मी मालन. ठाकूरद्वारच्या हेरंबराव वकिलांच्या कोचमनाची, धोंडूची मुलगी. नवव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी पांढरं कपाळ. सासरच्यांनी एका बोचक्यासकट माहेरी पाठवली, तोवर आई गेलेली. तेव्हापासून वकिलांच्या तबेल्यामागच्या खोलीत मी आणि बाबा. ही गोष्ट घडली त्या अठराशे पंच्याण्णव साली मी एकोणीस वर्षांची होते आणि आपलं आयुष्य संपलं आहे अशी माझी खात्री होती. एकोणीस वर्षांच्या माणसाला अशी खात्री फार लवकर होते.

गुणाजीनं हाताला चिंधी गुंडाळली आणि बत्ती उघडली.

"हे बघा. मेणबत्ती या नळीत बसते. खाली स्प्रिंग. मेणबत्ती जळत जाते तशी स्प्रिंग तिला वर ढकलते, म्हणजे ज्योत कायम काचेसमोर राहते. तुमच्या स्प्रिंगमध्ये जुनं मेण गोठलंय. मेणबत्ती वर येत नाही, ज्योत नळीत बुडते, बत्ती विझते."

"असं होय!"

"बत्ती तीन कारणांनी विझते. मेण अडलं, नाही तर काजळीनं हवेची भोकं बुजली, नाही तर वात भिजली. चौथं कारण नाही."

त्यानं गरम पाण्यात नळी घातली, नवी काच बसवली, आणि मग मेणबत्ती लावून समोर ठेवून दिली. बोटभर जळल्याशिवाय बत्ती हातातून द्यायची नाही, असा त्याचा नेमच होता. गाडीवान त्यावरून कटकट करायचे. मी मात्र फळीवर बसून राहिले. दुपारच्या उजेडात ज्योत दिसतही नव्हती, आणि आम्ही दोघं तिच्याकडे अगदी मन लावून बघत होतो.

"घाई आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. आणि मला खरंच घाई नव्हती.

एवढंच घडलं असतं तर बरं झालं असतं. पण घरी माझ्यासाठी दुसरंच ताट वाढून ठेवलं होतं. बाबांना संध्याकाळचं दिसेनासं झालं होतं.

शिमग्यात मला ते पहिल्यांदा कळलं. दिवेलागणीला बाबा अंगणातून आले आणि पाण्यानं भरलेल्या बादलीत सरळ पाय घातला. मी हसले. ते हसले नाहीत. दिवसा त्यांना रस्त्याच्या टोकाचा माणूस ओळखू यायचा. सूर्य बुडाला की समोरचा घोडाही दिसायचा नाही. मग मी बकऱ्याची कलेजी शिजवली, शेवग्याचा पाला घातला, गावच्या देवीला नवस बोलले. कशाचाच उपयोग झाला नाही.

"कुणाला सांगू नको गो बाय," बाबा म्हणाले. "आंधळ्याला कोचमन कोण ठेवील? आणि ही खोली गेली तर जायचं कुठं आपण?"

दिवसाची अडचण नव्हती. वकीलसाहेबांना सकाळी हायकोर्टात सोडायचं, पाचला आणायचं. पण महिन्यातून दोन-तीनदा साहेब संध्याकाळची गाडी सांगायचे, आणि बाबांचा चेहरा उतरायचा. तेव्हा मला युक्ती सुचली. दिवेलागणीनंतर बत्तीवाचून गाडी काढली तर पोलीस धरायचे. मग बत्तीच बिघडली तर? ती कशी बिघडते ते गुणाजीनंच मला शिकवलं होतं. साहेब चडफडत भाड्याची व्हिक्टोरिया करतील आणि बाबा घरी राहतील.

त्या दिवसापासून बग्गीची बत्ती वरचेवर बिघडू लागली. आणि दर वेळी ती कडेवर घेऊन मुगभाटात जाऊ लागले मी.

दुसऱ्या वेळी मी हवेच्या भोकांत माती भरली होती. गुणाजीनं ती टाचणीनं काढली, बोटावर घेतली, हुंगली.

"तुमच्या तबेल्यातला वारा फार हुशार दिसतो," तो म्हणाला. "बरोबर भोकं शोधून माती भरतो."

"वाराच तो! त्याला कोण अडवणार?"

तिसऱ्या वेळी वात ओली. चौथ्या वेळी स्प्रिंग वाकलेली. पाचव्या वेळी नळीत घोड्याच्या शेपटीच्या केसांचा बोळा निघाला. गुणाजीनं तो चिमट्यात धरून माझ्यासमोर नाचवला.

"आणि हा? हा पण वाऱ्यानंच आणला?"

"घोडा अंग खाजवत असेल बत्तीला..."

"उलटा उभा राहून?"

मला हसू आवरेना. तोही हसला. मग हसता हसता थांबला आणि हातातल्या बत्तीकडे बघत म्हणाला, "पहिल्या दिवशी मी चूक बोललो. बत्ती विझण्याची तीन नाही, चार कारणं असतात."

"चौथं कोणतं?"

"ते समोर फळीवर बसलंय. लुगडं जांभळं आहे त्याचं."

बाहेर श्रावणाची भुरभुर चालली होती आणि पागोळ्यांचं पाणी माझ्या पायांवर उडत होतं. पाय मागे घ्यायचं मला सुचलं नाही. तेव्हा कळलं... याला वाटतंय, मी याला भेटायला येते म्हणून बत्ती बिघडवते!

खरं सांगायची तीच वेळ होती. मी नाही सांगितलं. बाबांचं गुपित माझ्या ओठांवर होतं आणि बाबांची भाकरी त्या गुपितावर होती. शिवाय – हेही सांगून टाकते – त्याचा तो गैरसमज मला फार गोड वाटला होता. मी मान खाली घातली. त्याला तेच उत्तर वाटलं.

त्यानंतर मी मुद्दाम म्हणायचे, "उद्याच द्या बत्ती, आज नको." म्हणजे त्या संध्याकाळी गाडी निघायची नाही. त्याला वाटायचं, उद्या पुन्हा यायचं म्हणून ही असं म्हणते. तो खुश व्हायचा, मी खुश व्हायचे, आणि घरी येताना मला स्वतःची लाज वाटायची. एकाच वाटेवर जाताना सुख आणि येताना लाज. बरं, प्रेम कधी झालं ते मला विचारू नका. नेमकी कितवी खेप, ते मलाच सांगता येत नाही. आधी मी बाबांसाठी जायचे आणि तो तिथं असायचा. मग एक दिवस रस्त्यात लक्षात आलं की, आपण चालत नाही आहोत, पळतो आहोत.

पितृपक्ष सुरू झाला तेव्हा त्यानं विचारलं. माझ्याकडे न बघता, पत्रा सांधायला डाग द्यायची सळई निखाऱ्यात फिरवत विचारलं.

"मालन, आपल्यात विधवेचा पाट लावतात."

"लावतात."

"तुझ्या बाबांना विचारायला मी आलो तर... हाकलतील?"

मी बत्ती तशीच टाकून दुकानातून निघाले. मागून त्याचा आवाज आला, "अगं, हाकलतील की नाही ते तरी सांग!" मी वळून बघितलं नाही, पण मी हसते आहे हे त्याला पाठीवरूनही दिसलं असणार. वाटेत एका अनोळखी म्हातारीनं मला विचारलं, "काय गो, लगीन ठरलं काय?"

पुढं जे झालं ते माझ्यामुळे झालं. हे मी त्या दिवसापासून जाणते.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, साडेपाचच्या सुमाराला मी विहिरीवर पाणी भरत होते. परत आले तो अंगणात गुणाजी! पांढरं धोतर, नवं कोरं पागोटं, आणि हातात बग्गीच्या दोन्ही बत्त्या, दुसरीही त्यानं साहेबांकडून मागवून घेतली होती... अशा लखलखत होत्या की वकीलसाहेब स्वतः पायऱ्या उतरून बघायला आले होते.

"आता वारा येऊ दे, पाऊस येऊ दे," गुणाजी त्यांना दाखवत होता, "काही होणार नाही. भोकांवर जाळी आहे, स्प्रिंग पितळेची घातलीय, आणि झाकणाला पेच आहे. माझ्या किल्लीशिवाय उघडतच नाही."

मग हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आता तुला निमित्त लागायचं नाही. आजपासून मी राजरोस येणार. साहेबांचं काम आटोपलं की तुझ्या बाबांशी बोलतो."

माझ्या हातातली घागर जड झाली. त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता... सगळ्या जगाची बत्ती दुरुस्त केल्यासारखा उभा होता.

"वा!" वकीलसाहेब म्हणाले. "धोंडू, आजच गाडी जोड. परळला जायचंय, मिलच्या मॅनेजरांकडे. चार महिने त्या माणसाला टोलवतोय मी, या बत्त्यांच्या पायी."

बाबा घोड्याच्या, पाखऱ्याच्या मानेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बत्तीकडे बघितलं. झाकणाला खरंच पेच होता.

मी बोलू शकले असते. दोन शब्द पुरे होते. पण साहेब समोर होते आणि गुणाजी समोर होता. एकाला सांगितलं तर भाकरी जाणार, दुसऱ्याला सांगितलं तर... इतके महिने तू मला फसवत होतीस, असं तो म्हणणार. मी घागर उतरवली आणि गप्प बसले.

"नाही तर उद्या गेलं तर, साहेब..." बाबा म्हणाले.

"बत्त्या चांगल्या आहेत ना? मग उद्या कशाला?"

बाबांनी गाडी जोडली. गाडीच्या बैठकीवर चढताना माझ्या कानाशी म्हणाले, "भिऊ नको. पाखऱ्याला वाट ठाऊक आहे." पाखऱ्याला कोर्टाची वाट ठाऊक होती. परळची नव्हती.

गुणाजी बोलणी उद्यावर ठेवून हसत हसत घरी गेला. मी दारात बसले. सूर्य बुडाला, देवळातली आरती झाली, आणि मी तिथून उठले नाही. आठाच्या सुमाराला गाडी आली ती एक पोलीस शिपाई लगाम धरून आणत होता. उजवीकडची बत्ती चेपली होती, डावीही विझलेली होती. साहेब आत खांदा धरून बसले होते. बाबा बैठकीवरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. "बत्ती विझली साहेब... बत्ती विझली."

लालबागेजवळ एक कोळीण गाडीखाली आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालत इस्पितळात गेले. तिचं नाव सोनूबाई. माझगावची. मासळी विकून रिकामी पाटी घेऊन घरी निघाली होती. मांडीचं हाड मोडलं होतं. पुन्हा डोक्यावर पाटी घेता येणार नाही, असं डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं. मी कोण ते सांगितल्यावर ती मला शिव्या देईल म्हणून मी मनाची तयारी केली होती. तिनं मला बसायला सांगितलं.

"पोलीस इचारून गेला," ती म्हणाली. "म्हणं, बत्ती नव्हती गाडीला. मी सांगितलं, होती! दोन बत्त्या, ह्या एवढ्या लख्ख. तो मना म्हणतो, म्हातारे, तू शुद्धीवर नाय." तिनं माझा हात धरला. "मना उजेड दिसला गो, म्हणून तं मी बाजूला नाय झाली. ज्याच्याकडं एवढा उजेड, त्याला मी दिसनारच ना?"

मी तिचा पाय चेपत बसले. मोडका नव्हे, दुसरा.

दुपारभर मला एकच घोर होता. बत्ती विझली म्हटलं तर बाबा सुटत होते. सोनूबाई खोटी पडत होती, आणि... दुसरं कोण खोटं पडणार होतं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. संध्याकाळी अंगणात गेले तेव्हा ते लक्षात आलं. साहेबांनी गुणाजीला बोलावून घेतलं होतं.

चेपलेली बत्ती पायरीवर ठेवली होती. पोलीस जमादार कागद घेऊन बसला होता. साहेबांचा खांदा फडक्यात बांधलेला होता.

"मी आत डोळे मिटून बसलो होतो," साहेब म्हणाले, "बाहेरचं मला सांगता येत नाही. कोचमन म्हणतो बत्ती विझली. तू काल छातीठोक सांगत होतास, विझणार नाही. काय ते जमादारांना सांग."

गुणाजी बत्तीपाशी उकिडवा बसला. खिशातून किल्ली काढून त्यानं झाकण उघडलं. मी त्याच्या मागेच उभी होते, त्यामुळे मला आतलं सगळं दिसलं. आतल्या चकचकीत पत्र्यावर मेण उडालं होतं. समोरच्या बाजूला, लांब ओघळ. इतके महिने त्याच्या फळीवर बसून एवढं मलाही कळत होतं. विझलेल्या बत्तीतलं मेण थिजलेलं असतं, ते असं उडत नाही. धक्का बसला त्या क्षणी बत्ती जळत होती.

त्यालाही ते एका नजरेत कळलं. त्यानं मान वर केली. कातरवेळ झाली होती. बाबा दाराशी उभे होते आणि पायरी उतरण्यासाठी पायानं जमीन चाचपत होते. एकदा, दोनदा... तिसऱ्यांदा पाऊल टेकलं. गुणाजी ते बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. माती, ओली वात, शेपटीचे केस, "आज नको, उद्या द्या" – सगळं एकामागून एक त्याच्या डोळ्यांत उलगडताना मला दिसलं. तसं बघणं माझ्या वैऱ्याच्या वाट्याला येऊ नये.

आता हा सांगणार, असं वाटलं. सांगायला हवंच होतं त्यानं.

त्यानं आत हात घातला आणि अंगठ्यानं ते मेण पुसून काढलं. अगदी सावकाश, पत्रा स्वच्छ होईपर्यंत. मग उठून उभा राहिला.

"डाग कच्चा राहिला होता साहेब," तो म्हणाला. "हवा आत शिरली असणार. बत्ती विझली. चूक माझी आहे."

"काल तर म्हणालास –"

"बढाई मारली."

ज्या माणसानं बोटभर जळल्याशिवाय एकही बत्ती हातातून दिली नव्हती, तो माणूस जमादारासमोर मान खाली घालून सांगत होता की, आपलं काम कच्चं असतं. जमादारानं टाक शाईत बुडवला. उद्या गिरगावातला एकही गाडीवान त्याच्या दुकानाची पायरी चढला नसता. त्याला ठाऊक होतं ते. माझ्यासाठी, मी फसवलेलं कळल्यावर, पाच श्वासांच्या आत त्यानं ते केलं होतं.

"लिहू नका," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळले. बाबा पण वळले, आवाजाच्या दिशेनं.

"बत्ती विझली नव्हती. त्या कोळिणीनं बघितली होती. यांच्या कामात काही दोष नव्हता... कधीच नव्हता. आत्ता यांनी मेण पुसलं ते माझ्यासमोर पुसलं. दर वेळी बत्ती मी बिघडवत होते. माझ्या बाबांना दिवेलागणीनंतर दिसत नाही."

पाखऱ्यानं तबेल्यात पाय आपटला. बाबा होते तिथंच खाली बसले. त्यांना धरायला मी धावले तर त्यांनी माझा हात झटकला. आजही तो झटका माझ्या मनगटाला आठवतो.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी जमादाराशी इंग्रजीत बोलून बाबांची कैद टाळली आणि सोनूबाईचा खर्च स्वतःकडे घेतला. पण आम्हाला आठ दिवसांत खोली सोडायला सांगितलं. दुसरं काय करणार होते ते? बाबांचा भाऊ गावी होता, त्याची पडवी होती. तिथं जायचं ठरलं. ते ठरलं तेही बाबांनी मला सांगितलं नाही, साहेबांच्या स्वयंपाकिणीकडून मला कळलं. बाबा माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हते. संध्याकाळी हात धरायचे, कारण धरावा लागायचा. धरलेला हातही मुका असतो हे मला तेव्हा कळलं.

सहाव्या दिवशी गुणाजी आला. माझ्याकडे न बघता बाबांसमोर बसला.

"मामा, माझ्या खोलीत जागा आहे. मालनशी माझा पाट लावून द्या आणि तुम्हीही तिथंच राहा. तिघांचं भागेल."

बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू चांगला मुलगा आहेस," ते म्हणाले. "पण लेकीच्या घरचं पाणी बाप पीत नाही रे. तिला मूल होईपर्यंत तिच्या उंबऱ्यात जेवत नाहीत आपल्याकडं. आणि मी तिथं बसून खाऊ? डोळे गेले, चाकरी गेली. एवढं एक राहू दे माझ्याकडं." मग म्हणाले, "तिला ठेवून घे. मी जातो एकटा."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

लोक म्हणतात, मनासारखं करावं. माझी दोन मनं होती आणि दोन्ही माझ्यासमोर बसली होती. एक धडधाकट होता, आणि एकाला संध्याकाळी पायरी सापडत नव्हती. त्याची भाकरी मी माझ्या तोंडानं काढून घेतली होती. त्याला बोटीतून एकटा कसा पाठवू? मी गुणाजीकडे बघून मान हलवली. तो उठला आणि निघून गेला. मी त्या दिवशी रडलेही नाही, इतकी कोरडी झाले होते.

बोट सकाळची होती. भाऊच्या धक्क्यावर ऊन चढलं होतं, बोचकी, ट्रंका, कोंबड्या, सगळं कोकण तिथं लोटलं होतं. बाबा बोचक्यावर बसले होते. आणि गर्दीतून वाट काढत गुणाजी आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"एकच विचारायचंय," तो म्हणाला. "विचारल्याशिवाय मला झोप लागत नाही. तू येत होतीस... ते बाबांसाठीच होतं ना सगळं? मी उगाच आपलं..."

"पहिल्यापासून बाबांसाठीच."

त्यानं मान डोलावली. "ठीक आहे. कळलं. खरं सांगितलंस ते बरं झालं."

"पुरतं ऐकून तरी घ्या! गणपतीत मी आले होते, आठवतं? नैवेद्याचा लाडू आणला होता तुम्हाला."

"आठवतं. वात ओली होती."

"साहेब तेव्हा पुण्याला गेले होते. दहा दिवस. गाडी तबेल्यातून हललीच नाही. बाबांना कुठंही जायचं नव्हतं."

"मग वात कुणी भिजवली?"

"मीच."

"कशाला?"

"तुम्हाला बघायचं होतं म्हणून." माझा आवाज फुटला. "बाबांसाठी नाही, कुणासाठी नाही. माझ्यासाठी. सकाळी उठले, आणि तुम्हाला बघितल्याशिवाय दिवस जाईना. म्हणून भिजवली."

त्यानं हात पुढं केला आणि भर धक्क्यावर, शंभर माणसांसमोर, माझे डोळे आपल्या पागोट्याच्या शेवानं पुसले. बोटीचा भोंगा झाला. बाबांनी माझं बोचकं उचललं आणि उभे राहिले, पण चल म्हणाले नाहीत. ते वाट बघत होते.

"येशील परत?" गुणाजीनं विचारलं.

"नाही म्हणवत नाही," मी म्हटलं, "आणि हो म्हणवत नाही."

फळी काढली. बोट धक्क्यापासून सुटली. आधी हातभर पाणी, मग बांबूभर, मग इतकं की माणसं नुसती रांग झाली. मी कठड्याला धरून उभी होते. बाबा शेजारी येऊन उभे राहिले आणि माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. आठ दिवसांनी ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

"गेला काय गो तो? का अजून उभा आहे?"

"तुम्हीच बघून सांगा ना, बाबा," मी म्हटलं. "मला काही दिसत नाही."